मिचेलचं दुसरं विमान

स्पिटफायरवर सगळेच लिहितात. आज त्याच डिझायनरच्या, म्हणजे आर. जे. मिचेलच्या, सुपरमरीन वॉलरसबद्दल. दिसायला अगदीच बेंगरूळ! दुहेरी पंख, बोटीसारखं पोट, आणि इंजिनचा पंखा तोंड फिरवून मागे. वेग जेमतेम ताशी २१५ किलोमीटर.

१९४० मध्ये ब्रिटनवरच्या हवाई लढाईत ब्रिटनचे कितीतरी वैमानिक पॅराशूटने सुखरूप उतरले, पण इंग्लिश खाडीच्या गार पाण्यात गेले. पाण्यात पडलेल्या आपल्या वैमानिकांना शोधायला जर्मनांकडे हाइंकेल ५९ ही सीप्लेन होती. ब्रिटनकडे धड यंत्रणाच नव्हती. माझ्या मते ही अक्षम्य हेळसांड. १९४१ मध्ये रॉयल एअर फोर्सला जाग आली आणि त्याच वर्षी २७५ ते २७८ क्रमांकांची बचाव स्क्वॉड्रन्स उभी राहिली. वॉलरसचं नशीब तिथे उघडलं.

विमान पाण्यावर उतरायचं, सरपटत वैमानिकाजवळ जायचं आणि सहकारी त्याला हाताने, नाहीतर आकड्याच्या काठीने आत ओढायचा. लाटा मोठ्या असल्या किंवा माणसं जास्त झाली की पुन्हा उडणं अशक्य. मग पठ्ठ्या सरळ बोटीसारखा समुद्रावरून चालत किनारा गाठायचा!

आतली एक गंमत: कंट्रोल कॉलम उपसून शेजारच्या सीटसमोरच्या खाचेत बसवता यायचा. दोन पायलट, दांडा एकच.

वॉलरस उतरू शकत नसे तिथे १९४३ पासून हडसन विमानं पॅराशूटने चक्क लाकडी लाइफबोट टाकू लागली. ती बोट डिझाइन केली होती अफा फॉक्सने. त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहितो.