‘सी’ भाषेतील फलन-घोषणा व जोडणी

विशिष्ट काम करणाऱ्या स्वतंत्र आज्ञासमूहास फलन म्हणतात. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित केलेल्या ‘सी’ या संगणकभाषेत मोठी आज्ञावली अनेक फायलींत विभागून लिहितात. एका फायलीतील फलन दुसरीत वापरावयाचे असल्यास तेथे त्याचे नाव, आदानांचे प्रकार व फलिताचा प्रकार सांगणारी घोषणा करतात. व्याख्या मात्र एकदाच देतात.

संकलक म्हणजे कंपायलर प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे यंत्रभाषेत रूपांतरित करतो. नंतर जोडक म्हणजे लिंकर नावे जुळवून सर्व भाग एकत्र करतो. व्याख्या सापडली नाही किंवा दोनदा आढळली, तर तो दोष दाखवितो. प्रकार मात्र सहसा तपासत नाही. त्यामुळे दशांश संख्या घेणारे फलन दुसऱ्या फायलीत पूर्णांक घेणारे म्हणून घोषित केल्यास जोडणी निर्वेध होते. पण उत्तर चुकीचे येऊ शकते. म्हणून घोषणा एकाच शीर्ष-फायलीत लिहून ती व्याख्येच्या व वापराच्या अशा दोन्ही फायलींत समाविष्ट करतात. मग विसंगती संकलकालाच आढळते.

आदानांचे प्रकार नोंदविणारी घोषणा १९८९ च्या अमेरिकी मानकात आली. अघोषित फलन वापरण्याची मुभा १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने काढून घेतली.