मुरुमे, टक्कल आणि त्वचेतले विकर

चौल-रेवदंड्याकडच्या आया मुलांच्या मुरुमांचे निदान घरूनच करून आणतात : अंगात उष्णता झाली, नाहीतर रक्त बिघडले. रक्त बिचारे बहुधा निर्दोष असते.

खरी घडामोड त्वचेतच होते. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषांत भरपूर, पण स्त्रियांतही थोडे असतेच. तैलग्रंथी आणि केसांच्या मुळांत 'फाइव्ह-अल्फा रिडक्टेज' नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर कित्येक पटींनी प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करते. मग तैलग्रंथी वाढतात, तेल जास्त पाझरते, छिद्र बुजते, आत जंतू वाढतात आणि पुटकुळी येते. म्हणूनच रक्ताचा रिपोर्ट 'नॉर्मल' असूनही चेहरा मुरुमांनी भरलेला असू शकतो. मात्र अनियमित पाळी आणि हनुवटीवर राठ केस अशी जोड असेल, तर पीसीओएससाठी तपासणी अवश्य करावी.

गंमत अशी, की याच रसायनाने दाढी दाट होते आणि अनुवंश असेल तर डोके मात्र विरळ होते. १९७४ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास गावच्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील काही पुरुषांत या विकराची जन्मजात उणीव होती. त्यांची दाढी विरळ होती, पण टक्कल पडत नव्हते. पुढे या विकराला अडवणारे फिनास्टेराइड आले. ते मुख्यतः केसांच्या मुळांतील प्रकाराला अडवते. तैलग्रंथींतला प्रकार वेगळा, म्हणून भावाच्या केसांची गोळी बहिणीच्या मुरुमांना चालत नाही. गरोदर स्त्रीने तर फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो.

मला जास्त काळजी वाटते ती लग्नसराईच्या तोंडावर दुकानातून आणलेल्या 'गोरे होण्याच्या' मलमांची. त्यांत पुष्कळदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टिरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ व लाल होते, फोड उठतात. मलम बंद केले की सारे भडकते, म्हणून पुन्हा लावले जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवरच विकण्याचा नियम केला; तरी ती मिळतात. लावत असाल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा.

साध्या मुरुमांना बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्री अडापालीन पुरते. गरोदरपणी मात्र अडापालीन नको. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. सुरुवातीला थोडी आग होते, साल निघते; घाबरून सोडू नये. आणि खोबरेल केसांना खुशाल लावा, कपाळावर उतरू देऊ नका.