चिकट बूट, पिवळा चेहरा

१९७२ साली अमेरिकेच्या मेगो कंपनीने ८ इंची बॅटमन आणि रॉबिन या बाहुल्या बाजारात आणल्या. कापडी पोशाख, व्हिनाइलचे बूट आणि आत हातपाय ओढून धरणारं इलॅस्टिक. आज अशी जोडी विकायला आली, की जाणकार आधी मुखवटा बघतो. सुरुवातीच्या बाहुल्यांचे मुखवटे निघायचे, नंतर ते डोक्याच्याच साच्यात आले. निघणारा मुखवटा जागेवर असेल तर भाव चढतो.

त्यानंतर बोट बुटांवरून फिरवायचं. हे व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि ते मुळात कडक असतं. ते मऊ व्हावं म्हणून त्यात थॅलेट गटातली तेलकट द्रव्यं मिसळतात. ती प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. शिळ्या भज्यातून कागदावर तेल उतरावं, तशी ती वर्षानुवर्षं पृष्ठभागावर येतात. बूट चिकट होतात, त्यावर धूळ बसते. उष्णतेने हे आणखी वेगाने होतं, म्हणजे मुंबईच्या उन्हात तापणारं काचेचं कपाट वाईटच. हवाबंद पिशवीही नको, पाझरलेलं द्रव्य आतच साचतं.

चेहरा पिवळा पडतो तो बहुधा अतिनील किरण आणि ऑक्सिजनमुळे. तो घासून उजळणारे महाभाग आहेत. रंगवलेल्या भुवया त्यात जातात आणि किंमतही.

हातपाय लुळे असतील तर इलॅस्टिक सैल झालंय. ते बदलता येतं, पण विकताना सांगायला हवं. जोडीतल्या एकाचाच पोशाख अगदी कोरा दिसला, तर तो नव्याने शिवलेला आहे का, हे जरूर विचारा.