खुब्याच्या सांध्याकडे जाणाऱ्या तीन वाटा

खुब्याचा सांधा बदलताना सर्जन मुख्यतः तीन बाजूंनी आत शिरतात. मागच्या बाजूने सांधा मोकळा दिसतो आणि चालण्याला आधार देणारे बाजूचे स्नायू शाबूत राहतात. मात्र सांधा निखळण्याचा धोका थोडा अधिक असतो. मागचे आवरण नीट शिवल्यास तो घटतो. बाजूने गेल्यास सांधा क्वचितच निखळतो, पण स्नायू अंशतः सोडवावे लागल्याने काहींची चाल लंगडी होते. पुढच्या बाजूने स्नायूंमधल्या फटीतून जाता येते, त्यामुळे सुरुवातीला रुग्ण लवकर सावरतो. मात्र मांडी बधिर होऊ शकते, ठिसूळ हाड मोडू शकते. काही महिन्यांत सावरण्यातले फरक बरेचसे पुसट होतात. म्हणून वृद्धांमध्ये हाडांची मजबुती, तोल आणि सर्जनचा हातखंडा पाहूनच वाट ठरते.