दहा राग, एक वादक आणि डिस्कोचा ठेका

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील एका वादकाने १९८२ साली एकट्याने केलेली तबकडी तब्बल अठ्ठावीस वर्षांनी जगभर का गाजली, याविषयी.

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने १९८२ साली एक दीर्घवादन तबकडी बाजारात आणली. तिचे नाव होते 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' आणि वादकाचे नाव चरणजित सिंग. तबकडीवर भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग होते. मात्र तबला नव्हता, तानपुरा नव्हता आणि साथीला दुसरा कोणी माणूसही नव्हता. होती ती तीन जपानी यंत्रे आणि ती हाताळणारा एक वादक. तबकडी फारशी खपली नाही आणि लवकरच विस्मरणात गेली. २०१० साली ती युरोपात पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा अनेक श्रोत्यांचा असा समज झाला की हे ध्वनिमुद्रण १९८२ चे असणे शक्य नाही. कोणा आजच्या संगीतकाराने केलेली ही चलाखी असावी. ती चलाखी नव्हती.

एका कलावंताने गटापासून अलग होऊन, सगळी वाद्ये स्वतःच वाजवून प्रयोग म्हणून संग्रह काढावा, ही पाश्चात्त्य रॉक संगीतातील एक रूढ वाट आहे. ब्रिटनमध्ये १९९३ ते १९९७ या काळात ब्लर, ओएसिस, पल्प आदी गटांनी जी 'ब्रिटपॉप'ची लाट आणली, त्या लाटेच्या आगेमागे असे कितीतरी एकल संग्रह निघाले. तो काळ कॉम्पॅक्ट डिस्कचा असल्याने विनाइल तबकड्या थोड्याच काढल्या जात. म्हणून त्या वर्षांतील मूळ तबकड्यांना संग्राहक आज मोठी किंमत मोजतात. आपल्याकडे या जातीचे उदाहरण शोधायचे तर एक दशक मागे जावे लागते आणि त्या शोधात चरणजित सिंग यांचे नाव टाळता येत नाही.

पडद्यामागचा वादक

चरणजित सिंग हे १९६० च्या दशकापासून मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत वाजवीत असत. गिटार, बास गिटार आणि पुढे कळफलकाची इलेक्ट्रॉनिक वाद्ये ही त्यांची खासियत. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केले. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधील 'दम मारो दम' या गाण्यातील ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे ॲकॉर्डियनच्या घाटाचे एक इलेक्ट्रॉनिक वाद्य, त्यांच्या हातचे असल्याचे सांगितले जाते.

त्या काळातील वादकाच्या आयुष्याची कल्पना आजच्या श्रोत्याला सहज येणार नाही. ताडदेवचे फिल्म सेंटर किंवा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ येथे सकाळी हजर व्हायचे, संयोजकाने दिलेली स्वरलिपी समोर ठेवायची, पन्नास-साठ वादकांसह तालीम करायची आणि गाणे एका दमात ध्वनिमुद्रित करायचे. वादकाला त्या दिवसाचे मानधन मिळे; तबकडीच्या वेष्टनावर मात्र नाव संगीतकाराचे, गीतकाराचे आणि गायकाचे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा नाद घडविला, पण त्यांची नावे सामान्य श्रोत्याला माहीत व्हायला कित्येक दशके जावी लागली. या पार्श्वभूमीवर एखाद्या वादकाने स्वतःच्या नावाची तबकडी काढणे, ही केवळ हौस नव्हती.

चित्रपटगीतांच्या चाली वाद्यांवर वाजविलेल्या तबकड्यांना त्या वेळी चांगली मागणी होती आणि सिंग यांनी तशा तबकड्या केल्याही होत्या. १९८२ ची तबकडी त्यांहून वेगळी ठरली, कारण तिच्यात चित्रपटाची एकही चाल नाही.

तीन यंत्रे

सिंग यांनी वापरलेली तिन्ही यंत्रे जपानच्या रोलँड कंपनीची. 'ज्युपिटर-८' हा एकाच वेळी आठ स्वर वाजवू शकणारा महागडा सिंथेसायझर. 'टीआर-८०८' हे १९८० साली आलेले तालयंत्र. आणि 'टीबी-३०३' ही चंदेरी रंगाची लहानशी पेटी, जी बास गिटारची साथ यंत्रानेच व्हावी म्हणून बनविली होती. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात अशी यंत्रे भारतात दुकानात मिळणे दुरापास्तच होते. सिंग यांनी आपली यंत्रे सिंगापूरहून आणली होती, असे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितले.

यांपैकी ३०३ ची कहाणी गमतीदार आहे. गिटारवादकाला घरी सरावासाठी साथीदार मिळावा, हा तिचा मूळ हेतू. पण तिचा आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता आणि तिच्यात स्वर भरण्याची पद्धत तर भलतीच किचकट होती. आधी सगळे स्वर ओळीने भरायचे, नंतर त्यांची लय स्वतंत्रपणे भरायची. ग्राहकांनी पाठ फिरविली आणि १९८४ पर्यंत कंपनीने उत्पादन थांबविले. जुन्या बाजारात ही यंत्रे मातीमोलाने विकली गेली. अमेरिकेतील शिकागोच्या तरुणांच्या हाती ती आली ती अशीच. १९८७ साली 'फ्यूचर' या गटाने ३०३ ची बटणे वादन चालू असतानाच फिरवून 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी केली आणि तिच्यातून 'ॲसिड हाउस' नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. तो अटलांटिक ओलांडून ब्रिटनमध्ये पोचला आणि तेथील एका पिढीचे कान त्याने बदलले.

ब्रिटनला हा आवाज त्याआधी अगदीच अपरिचित होता असेही नाही. 'ऑरेंज ज्यूस' या स्कॉटिश गटाच्या १९८३ मधील 'रिप इट अप' या गाण्यात ३०३ वाजते. याच गटाचा गायक एडविन कॉलिन्स याचा 'गॉर्जियस जॉर्ज' हा एकल संग्रह पुढे १९९४ मध्ये, ऐन ब्रिटपॉपच्या दिवसांत गाजला.

राग यंत्रात बसतो का?

सिंग यांची कल्पना साधी होती. त्या वर्षांत हिंदी चित्रपटांत डिस्कोची चलती होती. 'कुर्बानी' १९८० मध्ये आला होता, 'डिस्को डान्सर' १९८२ मध्ये. सगळेच डिस्को करीत आहेत, तर त्याच ठेक्यावर राग का वाजवू नये, असा विचार त्यांनी केला. तबला काढून टाकायचा, ठेका यंत्राकडे द्यायचा आणि वर रागाचे स्वर हाताने वाजवायचे.

८०८ आणि ३०३ या दोन्ही यंत्रांत एका आवर्तनाला सोळा घरे असतात. आपल्या त्रितालाच्या मात्राही सोळाच. हा निव्वळ योगायोग आहे, पण ऐकताना तो जाणवतो. फरक असा की डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा असतो. तेथे टाळीच टाळी आहे, खाली नाही. त्यामुळे समेवर येण्याचा जो आनंद आपल्या मैफलीत असतो, तो या तबकडीत जवळजवळ नाही. त्याची जागा एका अखंड, संमोहित करणाऱ्या गतीने घेतली आहे.

३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींडीची ही दूरची नातलग म्हणता येईल. भैरव किंवा ललतमधील कोमल ऋषभाजवळ जाणारी ती घसरण ऐकली की यंत्र बनविणाऱ्यांच्या मनात नसलेले काहीतरी येथे घडते आहे, हे कळते. तानपुऱ्याचे काम खालच्या पट्टीत अविरत फिरणारी ३०३ चीच स्वरावली करते. पाश्चात्त्य रॉक अथवा पॉप गाण्यात स्वरसंवादांची साखळी बदलत राहते. सिंग यांनी ती टाळली आणि षड्ज धरून ठेवला. पुढे नृत्यसंगीतानेही नेमके हेच केले, एकाच आधारस्वरावर तासन् तास खिळून राहणे. तबकडी 'काळाच्या पुढची' वाटते ती मुख्यतः यामुळे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. सिंथेसायझरचे स्वर समान अंतरांवर बसविलेले असतात, श्रुतींना तेथे वाव नाही. तोडीचा अतिकोमल गंधार किंवा भैरवाचे आंदोलन कळफलकावर अपुरेच राहते. हा वाद आपल्याकडे जुना आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी केली ती याच कारणावरून आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. दहा रागांना एका तबकडीच्या दोन बाजूंत बसवायचे म्हणजे एकेका रागाला जेमतेम पाच मिनिटे. तेवढ्या वेळात रागाची ओळख होते, विस्तार होत नाही.

याची तुलना तमिळनाडूतील एका जुन्या उदाहरणाशी करण्यासारखी आहे. कुंभकोणमच्या परिसरात तिरुवावडुतुरै हे गाव आहे. तेथील नागस्वरवादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) देवळाच्या मिरवणुकीत एकच राग तासन् तास वाजवीत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांचा तोडी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर, काही मिनिटांच्या बाजूंत उतरला आणि तरीही दक्षिणेत घरोघरी पोचला. तबकडीच्या मर्यादेत राग मावतो का, या प्रश्नाला त्यांनी श्वासाने आणि ओठांनी उत्तर दिले. सिंग यांनी यंत्राने दिले. कुंभकोणमच्या श्रोत्याला सिंग यांची तबकडी ऐकविली तर भूपालीत तो मोहनम ओळखेल, मालकंसात हिंदोळम आणि कलावतीत वलजी. तोडी ऐकून मात्र तो बुचकळ्यात पडेल. त्याचा तोडी आपल्या भैरवी थाटाच्या स्वरांचा आहे. आपला तोडी त्याच्या शुभपंतुवराळीच्या जवळ जातो.

पुन्हा शोध

एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीतील एका दुकानात ही तबकडी मिळाली. पुढे त्यांनी मुंबईत सिंग यांचा ठावठिकाणा शोधून काढला आणि २०१० साली आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या प्रकाशनसंस्थेतर्फे ती पुन्हा विनाइलवर आणली. 'ॲसिड हाउसचा जन्म शिकागोत नव्हे, मुंबईत झाला' अशा आशयाचे मथळे मग झळकू लागले.

हा दावा तपासून घ्यायला हवा. शिकागोच्या संगीतकारांनी ही तबकडी ऐकल्याचा कोणताही पुरावा नाही आणि मुंबईतही तिची परंपरा पुढे चालली नाही. ज्याला वंशज नाहीत त्याला पूर्वज म्हणता येणार नाही. दोन दूरच्या शहरांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांनी एकच यंत्र हाती घेतले आणि त्या यंत्राने दोघांकडून सारखेच काहीतरी करवून घेतले, एवढेच येथे म्हणता येते. माझ्या मते त्यामुळे सिंग यांचे श्रेय कमी होत नाही. शिकागोच्या तरुणांनी यंत्र विस्कटून नवा आवाज काढला. सिंग यांनी मनात आधीच असलेला राग यंत्राकडून वाजवून घेतला.

एकल प्रयोगाची दुसरी ठळक वाट जवळजवळ याच काळात गोव्यात दिसते. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' हा संग्रह घरीच, चार पदरी ध्वनिमुद्रण यंत्रावर केला. आवाज त्यांचेच, वाद्येही त्यांचीच. या कॅसेटी त्यांनी गोवाभर दुचाकीवरून स्वतः नेऊन दुकानांत ठेवल्या. रॉकच्या अधिक जवळचा नमुना हाच. पण तो विनाइलवर नव्हे, कॅसेटवर आला. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटींनी भारतातील तबकड्यांचा बाजार झपाट्याने खाल्ला आणि सिंग यांची तबकडी या संधिकालातली आहे.

या कथेत एक बोचरी बाजूही आहे. सिंग यांनी ज्या यंत्राकडे तबला सोपविला, तशाच यंत्रांनी पुढच्या दशकात मुंबईचे मोठे वाद्यवृंद मोडीत काढले. साठ वादकांचे काम एका खोलीत बसून एक-दोघे करू लागले. व्हायोलिनवादक, ढोलकवादक, बासरीवादक यांचे काम आटले आणि अनेकांनी व्यवसाय सोडला. स्वतःच्या नावासाठी एका वादकाने केलेला प्रयोग आणि त्याच्या सहकाऱ्यांची रोजीरोटी हिरावणारे तंत्र ही एकाच पेटीची दोन रूपे होती. १९८२ मध्ये हे कोणाला दिसणे शक्य नव्हते.

पुनर्प्रकाशनानंतर सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपातील रंगमंचांवर गेले आणि तरुण श्रोत्यांसमोर त्यांनी हेच राग पुन्हा वाजविले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. १९८२ च्या मूळ तबकडीच्या प्रती आता दुर्मीळ आहेत. २०१० च्या आवृत्तीमुळे मात्र ते ध्वनिमुद्रण पुन्हा श्रोत्यांपर्यंत पोचले आणि वेष्टनावर वादकाचे नाव ठळक अक्षरांत आहे.