उभ्या मोटारीतून उडणारे पेट्रोल

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगड येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा या राज्यांतूनही भाविक येतात. मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकावर उतरून येणारे अनेक असतात; तथापि स्वतःच्या अथवा भाड्याच्या वाहनाने येणारेही आता थोडे नाहीत. धनेगावच्या परिसरात वाहने ठेवून पुढे डोंगरातील गुहेपर्यंत पायी जावे लागते. म्हणजे पहाटेच्या गारठ्यात आलेली गाडी दिवसभर उन्हात तापते, रात्री निवते आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच जागची हलते.

अशा उभ्या गाडीपासून हवा दूषित होत असेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रदूषण म्हटले की सायलेन्सरमधून निघणारा धूर डोळ्यांपुढे येतो. परंतु पेट्रोल हा अतिशय उडून जाणारा द्रव आहे. दिवसा टाकी तापली की आतील बाष्प फुगते व बाहेर पडू पाहते. रात्री टाकी निवली की बाहेरची हवा आत ओढली जाते. इंजिन बंद असतानाही टाकीचा हा श्वासोच्छ्वास चालूच असतो. डिझेल त्या मानाने फारच कमी उडते, म्हणून डिझेलवर चालणाऱ्या जीप, टेम्पो व बसगाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही.

टाकीतील बाष्प उघड्यावर जाऊ नये, यासाठी पेट्रोल मोटारींत एक स्वतंत्र व्यवस्था असते. टाकीवरून निघालेली नळी सक्रिय कोळशाने भरलेल्या एका बंद डब्यात जाते. लाकूड, नारळाची करवंटी अशा पदार्थांपासून तयार होणाऱ्या या कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात व पेट्रोलचे बाष्प त्यांत धरून ठेवले जाते. डब्याला बाहेरची हवा घेणारे एक तोंड असते, तर दुसरी नळी इंजिनाकडे जाते. तिच्यावर विजेवर चालणारी एक झडप असते. तिला कारागीर ‘पर्ज व्हॉल्व्ह’ म्हणतात. गाडी चालू होऊन इंजिन तापले की गाडीतील संगणक ही झडप थोडी थोडी उघडतो, इंजिनाच्या ओढीने कोळशातून हवा खेचली जाते आणि साठलेले बाष्प इंजिनात जळून जाते. वाया जाणारे इंधन अशा रीतीने उपयोगी पडते व कोळसा पुन्हा मोकळा होतो.

भारतात मोटारींच्या या उत्सर्जनावर २००० सालापासून एका चाचणीस २ ग्रॅम ही मर्यादा आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आणि तिच्यासारख्या अन्य मान्यताप्राप्त संस्था नव्या नमुन्याच्या गाड्यांची तपासणी करतात. हवाबंद कक्षात गाडी चोवीस तास उभी करून कक्षाचे तापमान २० अंश सेल्सिअसवरून ३५ अंशांपर्यंत चढवले व पुन्हा उतरवले जाते. कचारगडच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या गाडीची जी स्थिती होते, तिचीच ही प्रयोगशाळेतील प्रतिकृती म्हणावी लागेल.

मात्र ही परीक्षा नव्या नमुन्याची असते. वापरातील गाडीला जे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजे पी.यू.सी., घ्यावे लागते, त्यात केवळ सायलेन्सरमधून निघणारे वायू मोजले जातात. टाकीचे झाकण हरवलेली गाडीही ही तपासणी निर्वेधपणे पार करू शकते. अमेरिकेतील मोटारींत सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाच्या छिद्राइतकी गळतीही संगणकाने ओळखावी, अशी अपेक्षा असते. युरोपीय धर्तीवरील आपल्या मानकांत झडपेच्या विद्युतमंडलावर लक्ष ठेवणे एवढीच किमान अट आहे. त्यामुळे नळीला भेग पडली तरी समोरच्या फलकावरील इशाऱ्याचा दिवा लागेलच असे नाही. दिवा नाही म्हणजे दोष नाही, या समजुतीने गाडी वर्षानुवर्षे तशीच चालवली जाते.

दोषाचा माग

मग दोष ओळखावा कसा? पहिली साक्ष नाकाची. वास कोठे व केव्हा येतो, हे नीट पाहिले तर निम्मे काम होते. टाकीच्या तोंडाजवळ वास येत असल्यास प्रथम झाकण पाहावे. त्याची रबरी चकती कडक झालेली, चिरलेली किंवा मातीने भरलेली असते; अनेकदा झाकण शेवटपर्यंत फिरवलेलेच नसते. बॉनेटखाली वास येत असेल तर झडपेकडे जाणाऱ्या नळ्या, विशेषतः त्यांची जोडावरची टोके तपासावीत. जंगलभागात उंदीर-घुशींनी नळ्या व तारा कुरतडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

दुसरी साक्ष पेट्रोल पंपावर मिळते. टाकी रिकामी असूनही भरताना नळीचा चाप वारंवार सुटत असेल, तर टाकीतील हवेला बाहेर जाण्यास वाट नाही असे समजावे. डब्याचे हवेचे तोंड धुळीने, चिखलाने, क्वचित कुंभारमाशीच्या घरट्याने बुजलेले असते. कच्च्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्यांत याचा संभव अधिक. झाकण उघडताना थोडासा फुसकारा येणे स्वाभाविक आहे. मोठ्याने हवा आत ओढली जात असेल तर ते मात्र वाट बुजल्याचे लक्षण होय.

पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू होण्यास त्रास देते, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याशिवाय पेट घेत नाही आणि नंतर काही वेळ अडखळते, ही तिसरी साक्ष. पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला की भरताना तयार झालेले बाष्प एकदम इंजिनात शिरते व मिश्रण बिघडते. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून झडप सोडवावी व तिच्यातून हवा फुंकून पाहावी. ती आरपार जाता कामा नये. १२ व्होल्टचा प्रवाह दिल्यावर ‘टक्’ असा आवाज होऊन वाट मोकळी झाली पाहिजे. संगणकाने ‘पी ०४४३’ हा संकेतांक दाखवला तर दोष झडपेच्या विद्युतमंडलात आहे एवढेच कळते. झडप बदलण्यापूर्वी तार व जोड तपासणे शहाणपणाचे. संकेतांक वाचून सरळ नवा भाग बसवण्याची घाई काही कार्यशाळांत दिसते. त्यात खर्च होतो आणि दोष तसाच राहतो.

इतके करूनही गळती सापडली नाही तर धूरयंत्राचा उपयोग करतात. खनिज तेलाचा पांढरा धूर अतिशय कमी दाबाने नळ्यांत सोडला की भेगेतून तो बाहेर दिसतो. हा दाब टायरमधील हवेच्या सुमारे साठाव्या भागाइतकाच असावा. टायरचा कॉम्प्रेसर जोडल्यास नळ्या व टाकी फुटण्याचा धोका असतो. काडी ओढून गळती शोधणे तर प्राणघातकच.

काठोकाठ भरण्याची सवय

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा शत्रू मात्र रस्ता नव्हे, उन्ह नव्हे, तर आपलीच एक सवय आहे. दूरच्या यात्रेस निघताना पुढे पंप मिळेल की नाही, या शंकेने चाप सुटल्यावरही टाकी तोंडापर्यंत भरून घेतली जाते. बाष्पासाठी टाकीत ठेवलेली मोकळी जागा त्यामुळे उरत नाही आणि बाष्पाऐवजी द्रव पेट्रोलच कोळशाच्या डब्यात उतरते. एकदा पुरता भिजलेला कोळसा बहुधा पूर्ववत होत नाही. डबा बदलावा लागतो. कोळशाचे कण सुटून पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकल्यास तोही निकामी होतो. हे सारे होते ते चाप सुटल्यानंतर भरलेल्या लिटर-दीड लिटर पेट्रोलासाठी.

यात्रेच्या ठिकाणी हा प्रश्न केवळ दुरुस्तीचा राहत नाही. पेट्रोलचे बाष्प हवेहून तीन ते चारपट जड असते. ते वर न उडता उताराने सखल जागी साचते, आणि हवेत त्याचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले तरी ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून वाहनतळाची जागा ठरवताना ग्रामपंचायतीने चुली, उपाहारगृहे व मुक्कामाचे मंडप उताराच्या वरच्या अंगास ठेवावेत आणि वाहने मोकळ्या, वारा खेळणाऱ्या जागेत उभी करवावीत. एखाद्या गाडीपाशी पेट्रोलचा उग्र वास आल्यास तिचा चालक सापडेपर्यंत आसपासच्या चुली विझवून घ्याव्यात, त्या गाडीचे इंजिन सुरू करू देऊ नये आणि आधी टाकीचे झाकण व गाडीखालची जमीन पाहावी.