डिफरन्शियलचे बेअरिंग किती घट्ट बसवावे?

बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना 'घाटावर' आणि 'घाटाखाली' या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूरचा घाट लागतो, खामगावकडे जाताना बोथ्याचा. अशा घाटातील वळणावर मोटारीच्या चाकांकडे लक्ष द्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडते. किती जास्त? हे गणित तुम्हाला सहज करता येईल.

लहान मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांत १.२ मीटर अंतर आहे असे धरू. गाडी वळून पूर्ण उलट दिशेला तोंड करते, तेव्हा दोन्ही चाके अर्धवर्तुळे काढतात. बाहेरच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या आतल्यापेक्षा १.२ मीटरने मोठी असते. म्हणून दोन अंतरांतील फरक ३.१४ गुणिले १.२, म्हणजे सुमारे ३.७७ मीटर येतो. गंमत अशी, की वळण लहान असो वा मोठे, फरक तेवढाच! चाकाचा परीघ १.६ मीटर असेल, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ फेरे जास्त फिरले पाहिजे.

बैलगाडीला ही अडचण येत नाही. तिची चाके आसावर मोकळी असतात, ज्याला जितके फिरायचे तितके ते फिरते. कारण गाडी बैल ओढतात, चाके नव्हेत. मोटारीत मात्र इंजिनाला चाकेच फिरवायची असतात. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जोडली, तर प्रत्येक वळणावर एखादे चाक घसटत जाईल आणि टायर झिजतील. या अडचणीवर उपाय म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधील ओनेझिफोर पेकर या घड्याळ बनविणाऱ्या कारागिराने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती योजली.

डिफरन्शियलची पेटी एका मोठ्या दंतचक्राला जोडलेली असते. गिअरबॉक्समधून आलेली गती या चक्राला मिळते. पेटीच्या आत एका पिनेवर दोन लहान दंतचक्रे असतात आणि ती डाव्या व उजव्या चाकाच्या दंतचक्रांत अडकलेली असतात. गाडी सरळ चालली असता सगळी पेटी एकसंध फिरते. वळणावर लहान चक्रे आपल्या पिनेभोवती फिरू लागतात. मग एक चाक जितके मागे पडते, तितकेच दुसरे पुढे जाते. पेटीचे १०० फेरे होत असताना एका चाकाचे ९५ झाले, तर दुसऱ्याचे १०५ होतात. सरासरी नेहमी पेटीइतकीच राहते.

ही पेटी दोन्ही बाजूंना एकेका बेअरिंगवर टेकलेली असते. पारिभाषिक मराठीत बेअरिंगला 'धारवा' म्हणतात. गाडी चालू असेपर्यंत या जोडीला विसावा नाही. १.६ मीटर परिघाच्या चाकाची गाडी एक लाख किलोमीटर चालली, तर पेटीचे सुमारे सव्वासहा कोटी फेरे होतात.

अॅम्बॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत डिफरन्शियल मागच्या आसाच्या मध्यभागी असे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन पुढची चाके फिरवू लागले. अशा गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच कवचात बसविलेले असते. त्यामुळे त्याचे बेअरिंग बदलायचे म्हणजे आधी सगळा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

या जागी काही गाड्यांत गोळ्यांचे बेअरिंग असते, तर पुष्कळ गाड्यांत निमुळत्या रोलरांचे. दंतचक्राचे दाते तिरपे कापलेले असल्याने ते पेटीला केवळ वर-खाली नव्हे, तर बाजूलाही ढकलतात. निमुळते रोलर हे दोन्ही भार पेलतात. अमेरिकेत घोडागाड्या तयार करणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये अशा बेअरिंगचे पेटंट घेतले.

बेअरिंग खराब का होते? रोलर व कडी यांचा स्पर्श फार थोड्या जागेवर होतो, म्हणून तेथे दाब प्रचंड असतो. कोट्यवधी वेळा दाब पडून पोलाद 'थकते' आणि त्याचे बारीक पापुद्रे निघतात. भार दुप्पट केला, तर रोलर बेअरिंगचे अपेक्षित आयुष्य निम्मे होत नाही, जवळजवळ एक दशांश होते! ऑइलमध्ये शिरलेली माती आणि पाणी हे आणखी दोन शत्रू.

दुखणे आवाजावरून ओळखता येते. वेगाबरोबर वाढणारी घरघर सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यावरही चालूच राहिली, तर दोष चाकांबरोबर फिरणाऱ्या भागांत आहे. मग संशय डिफरन्शियलवर किंवा चाकाच्या बेअरिंगवर जातो. जाणत्या चालकाने करावयाची ही परीक्षा घाट उतरताना मात्र कधीही करू नये. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. गिअर ऑइल काढल्यावर त्यात धातूचा चुरा चमकला, की संशय बळावतो.

कारागीर जुने बेअरिंग पुलरने ओढून काढतो. नवे बसविताना पदार्थविज्ञान मदतीला येते. बेअरिंग तापवून सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेले, तर ३५ मिलिमीटर व्यासाच्या भोकाचा व्यास सुमारे ०.०३ मिलिमीटरने वाढतो. हे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी झाले, पण तेवढ्याने बेअरिंग अलगद सरकते आणि निवल्यावर घट्ट पकडते. बाहेरच्या कडीवर हातोडी मारून ते आत ठोकले, तर तो मार रोलरांतून जातो आणि नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. कडी आणि रोलर एकमेकांना साजेसे घडविलेले असतात, म्हणून जुन्या कडीत नवे रोलरही बसवू नयेत.

आता मुख्य प्रश्न : निमुळत्या रोलरांचे बेअरिंग किती घट्ट असावे? गिअरबॉक्सचे कवच अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, पेटी व बेअरिंग पोलादी. दर अंशाला अॅल्युमिनियम आपल्या लांबीच्या दशलक्षांश २३ भाग प्रसरण पावते, पोलाद सुमारे १२ भाग. दोन बेअरिंगांत १५० मिलिमीटर अंतर असेल आणि तापमान ६० अंशांनी वाढले, तर कवच पोलादापेक्षा सुमारे ०.१ मिलिमीटर जास्त लांबते. थंड असताना नुसते टेकलेले बेअरिंग गाडी तापल्यावर सैल पडणार, हे उघड आहे. मग पेटी डुलते, दाते कडेला घासतात आणि तुटतात. तुटलेला दात मध्येच अडकला, तर चालत्या गाडीची चाके एकाएकी जखडण्याची भीती असते. म्हणून शिम नावाच्या पातळ चकत्या घालून बेअरिंगवर आगाऊ दाब ठेवतात. शिम जास्त जाडीची घातली, तर घर्षणाने बेअरिंग तापून जळते. दोन्ही चुकांत थोडक्या खर्चाच्या दुरुस्तीऐवजी सगळा गिअरबॉक्स जाण्याची पाळी येते.

योग्य दाब बोटांना कळत नाही, तो मोजावा लागतो. त्याची एक जुनी रीत तुमच्या प्रयोगशाळेतील ताणकाट्यावर आधारलेली आहे. पेटीवर दोरी गुंडाळून ती ताणकाट्याने ओढायची. ३ सेंटिमीटर त्रिज्येवर काटा २ किलोग्रॅम भार दाखवीत असताना पेटी संथपणे फिरत राहिली, तर परिबल ६ किलोग्रॅम-सेंटिमीटर झाले. हा आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी जुळेपर्यंत शिम बदलतात.

हेच तत्त्व सायकलच्या पुढच्या चाकात पाहता येते. तेथेही कप, कोन आणि छर्रे असतात. जाणकाराच्या देखरेखीखाली कोन थोडा घट्ट करा. चाक फिरवून सोडले, की ते लवकर थांबते. मग तो सैल करा. चाक बाजूला हलवले, की डुगडुगते. या दोन टोकांच्या मधली जागा शोधा, आणि दर वेळी चाक किती सेकंद फिरते ते घड्याळ लावून लिहून ठेवा. शेवटी कोन पुन्हा नीट बसवायला मात्र विसरू नका!